घरचे गॅरेज : काळ्या मातीवरील मोटार आणि तिची हत्यारे

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा म्हणजे मुख्यतः पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा प्रदेश असून, तो मध्य प्रदेशात मोडत असला तरी बोली, सणवार आणि बाजारहाट या तिन्ही बाबतींत त्याचा ओढा नागपूरकडे आहे. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास आणि सौंसरहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावर असल्यामुळे मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, मुलांचे शिक्षण आणि संत्र्याचा सौदा या सर्वांसाठी येथील कुटुंबांना वारंवार प्रवास घडतो. एस.टी. आणि रेल्वेच्या वेळापत्रकावर अवलंबून न राहण्याची सोय म्हणून घरात आलेली लहान मोटार किंवा बोलेरो ही येथे आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. परंतु गाडी घरी आली तरी तिच्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर बहुधा छिंदवाड्याला किंवा नागपूरलाच असते, आणि बॅटरी उतरणे, चाकातील हवा कमी होणे, एअर फिल्टर धुळीने भरणे यांसारख्या किरकोळ कारणासाठीही एक दिवस आणि तितकेच इंधन खर्ची पडते. गावातील मिस्त्री या अडचणीत धावून येतो, पण त्याच्याकडेही संत्र्याच्या किंवा कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांची रांग लागलेली असते. घराच्या आवारातच गाडीच्या देखभालीपुरती सोय असावी, हा विचार या परिस्थितीतून येतो आणि तो योग्यही आहे.

मात्र ही सोय उभारण्याचा रूढ क्रम चुकीचा आहे. बहुतेक जण प्रथम पान्यांचा मोठा संच विकत घेतात, त्यानंतर जॅक घेतात, आणि जमीन, उजेड व मोजमापाची साधने यांचा विचार एखादा अपघात किंवा नुकसान झाल्यावरच होतो. वास्तविक घरच्या गॅरेजचे मुख्य काम दुरुस्तीचे नसून गाडीची प्रकृती वेळेवर ओळखण्याचे असते, आणि म्हणून खर्चाचा क्रम आधी जमीन, मग गाडी सुरक्षितपणे उचलून धरणारी साधने, मग मोजण्याची साधने आणि सर्वांत शेवटी पाने असा असायला हवा. या क्रमाचे समर्थन करणाऱ्या गोष्टी पांढुर्णा–सौंसर भागाच्या भूमीत, हवामानात आणि शेतीच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

जमिनीचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण या परिसराचा बराच भाग दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकापासून तयार झालेल्या काळ्या मातीचा आहे. कापसाला मानवणाऱ्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज विपुल असते. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि पाणी गेले की आकसते, त्यामुळे पावसाळ्यात जमीन वर उचलली जाते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर थेट ओतलेला काँक्रीटचा पातळ थर दोन-तीन पावसाळ्यांत तडकतो, आणि तडकलेल्या, उतरत्या किंवा पोकळ झालेल्या फरशीवर हजार-दीड हजार किलोची गाडी उचलणे धोक्याचे असते. म्हणून घराच्या छपरीत किंवा जुन्या कोठ्याच्या जागेत गॅरेज करायचे असल्यास वरची काळी माती काढून तेथे मुरूम भरावा, तो पाणी मारून थराथराने दाबावा, त्यावर गिट्टीचा थर द्यावा आणि मगच काँक्रीट करावे. बांधकाम करणाऱ्या गवंड्यांना ही पद्धत नवी नाही, पण गाडीच्या जागेसाठी ती अनावश्यक समजून टाळली जाते. काँक्रीटला पाणी वाहून जाण्यापुरता अगदी थोडा उतार असावा, मात्र गाडी जेथे उचलली जाणार ती जागा सपाटच हवी.

गाडीखाली शिरता यावे म्हणून जमिनीत खड्डा खणण्याची कल्पना अनेकांना आकर्षक वाटते, आणि ट्रकच्या गॅरेजमध्ये तसे खड्डे दिसतातही. घरासाठी ही कल्पना सोडून देणेच श्रेयस्कर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वर उडून न जाता खोलगट जागेत साठते आणि दिव्याच्या बटणाची एक ठिणगी तिला पुरते. शिवाय काळ्या मातीतील खड्ड्याच्या भिंतींवर फुगणाऱ्या मातीचा दाब येतो आणि पावसाळ्यात त्यात झिरपा लागून पाणी साचते. खड्ड्याऐवजी पुढची दोन चाके चढवता येतील असे लोखंडी उतरणीचे दोन रॅम्प वेल्डिंगच्या दुकानात मजबूत करून घेतले, तर ऑइल बदलण्यापुरती उंची सहज मिळते.

गाडी उचलण्याच्या साधनांमध्ये जॅक आणि स्टँड यांतील भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण घरगुती कामातील सर्वांत गंभीर अपघात या एका गोष्टीच्या अज्ञानातून होतात. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. गाडीसोबत मिळणारा कात्रीच्या आकाराचा जॅक केवळ रस्त्यावर चाक बदलण्यासाठी दिलेला असतो. चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक अधिक सोयीचा असला तरी त्यातील वजन हे शेवटी तेलाच्या दाबावर आणि एका रबरी सीलवर तोललेले असते, आणि सील गळू लागले की गाडी हळूहळू किंवा एकाएकी खाली येते. याउलट जॅक स्टँड ही तीन किंवा चार पायांची, दाते किंवा खीळ असलेली लोखंडी टेकण असून तिच्यात तेल नाही, दाब नाही, म्हणून ती दगा देण्याची शक्यता कमी. गाडी जॅकने उचलावी, स्टँडवर टेकवावी, हाताने हलवून तिची बैठक तपासावी आणि मगच खाली वाकावे. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये, या नियमाला अपवाद नाही. स्टँड घेताना तिच्यावर लिहिलेली क्षमता एका नगाची आहे की जोडीची हे विचारून घ्यावे. घरात कधीकाळी बोलेरोसारखी जड गाडी येण्याचा संभव असेल, तर दोन टनांऐवजी तीन टनांचा जॅक आणि त्याच क्षमतेच्या स्टँड घेणे शहाणपणाचे ठरते. जॅक लावण्याची जागा गाडीच्या पुस्तिकेत आकृतीसह दिलेली असते. दरवाज्याखालील पत्र्याच्या दुहेरी कडेला, दोन खाचांच्या मध्ये, ती बहुतेक लहान गाड्यांत सापडते, आणि तिच्याऐवजी पत्र्याच्या मऊ भागावर किंवा ऑइलच्या चेंबरवर जॅक लावल्यास नुकसान ठरलेले. जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी बाभळीच्या लाकडाचे ठोकळे लावणे, हँडब्रेक ओढणे आणि गाडी गिअरमध्ये ठेवणे ही तयारी दोन मिनिटांची आहे.

जमीन आणि टेकण यांची व्यवस्था झाल्यावर खर्चाचा पुढचा हक्क मोजमापाच्या साधनांचा आहे. त्यांतील पहिले आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे टायरमधील हवेचा दाब सांगणारे गेज. पेट्रोल पंपावर हवा तपासण्याची सवय चांगली असली तरी तिच्यात एक चूक दडलेली असते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दाब थंड टायरसाठी, म्हणजे गाडी काही तास उभी असतानाचा असतो, आणि पंपापर्यंत गाडी चालवत नेल्यावर टायर तापून आतील हवेचा दाब वाढलेला असतो. तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो, पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर पडणारा पौंडातील भार. या भागात मे महिन्यात दुपारचे तापमान पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते आणि डांबर त्याहून कितीतरी तापते. अशा वेळी पंपावर वाढलेला आकडा पाहून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर गरजेपेक्षा कमी हवेचा निघतो. कमी हवेच्या टायरच्या भिंती चालताना अधिक वाकतात, वाकण्याने तापतात आणि नागपूरच्या रस्त्यावर वेगात असताना फुटण्याचा धोका वाढतो. घरचे गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवा भरण्याचा लहान पंप यांच्या मदतीने पहाटे, गाडी हलवण्यापूर्वी, दाब तपासला की हा दोष मुळातच राहत नाही. टायरच्या खाचांची खोली मोजणारे लहान गेजही याच पेटीत असावे. ही खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचा असतो, आणि खाचांच्या तळाशी असलेल्या रबराच्या उंचवट्यांशी पृष्ठभाग समतल झाल्यास ती मर्यादा गाठली गेली असे समजावे.

दुसरे साधन मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब, प्रवाह आणि रोध मोजणारे हाताएवढे यंत्र. बारा व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि गाडी काही तास बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ व्होल्टला ती पाऊण भरलेली आणि १२ व्होल्टला जवळजवळ रिकामी समजतात. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान गेला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या फिरण्यावर वीज तयार करणारे यंत्र, आपले काम करत आहे; तो १२.५ च्याच आसपास राहिला तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये, त्याच्या पट्ट्यात किंवा तारेत आहे. एवढी तपासणी केल्याशिवाय नवी बॅटरी बसवून घेणारे आणि आठवड्याने तीही उतरल्यावर हतबुद्ध होणारे गाडीमालक कमी नाहीत. बॅटरीचे आयुष्य थंडीपेक्षा उष्णतेने अधिक घटते, हे लक्षात घेता येथील उन्हाळ्यात ही मोजणी महिन्यातून एकदा करण्याजोगी आहे. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून तिच्याजवळ विडी-काडी नको, आणि पान्याने धन व ऋण टोके एकदम जोडली जाणार नाहीत याची काळजी हवी. यासाठी काम सुरू करताना ऋण टोकाची तार आधी सोडतात आणि शेवटी तीच जोडतात.

तिसरे साधन नव्या काळाचे आहे. भारतात एप्रिल २०१३ पासून ओबीडी-दोन ही व्यवस्था चारचाकी गाड्यांना लागू झाली. इंजिनवर देखरेख करणारा संगणक दोष आढळल्यास तो सांकेतिक क्रमांकाने नोंदवून ठेवतो आणि स्टिअरिंगच्या खाली असलेल्या सोळा टोकांच्या खाचेतून तो क्रमांक बाहेरच्या यंत्राला वाचता येतो, असे तिचे स्वरूप आहे. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-सहा मानकाच्या गाड्यांमध्ये धूर शुद्ध करणारी यंत्रणा अधिक गुंतागुंतीची असल्याने डॅशबोर्डवरील पिवळा इंजिनचा दिवा लागण्याचे प्रसंगही वाढले आहेत. मोबाइलशी जोडले जाणारे लहान स्कॅनर या खाचेत बसवले की पी-०३०० हा क्रमांक सिलिंडरमधील स्फोट चुकत असल्याचे किंवा पी-०४२० हा क्रमांक धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरचे काम मंदावल्याचे सांगतो. मात्र क्रमांक म्हणजे निदान नव्हे. दोष कोणत्या यंत्रणेत आहे ते तो दाखवतो, दोषी भाग दाखवत नाही, आणि दिवा पुसून टाकणे ही दुरुस्ती नसते. तरीही क्रमांक लिहून घेऊन मिस्त्रीकडे जाणाऱ्या मालकाचे बोलणे नेमके होते आणि कोणता भाग बदलण्याची गरज नाही हेही त्याला कळते.

यानंतर पाने. पाना घेण्याआधी या भागातील अनेक शेतकरी घरांमध्ये आधीपासून असलेल्या हत्यारांकडे पाहायला हवे, कारण येथील पहिले घरगुती गॅरेज मोटारीसाठी नव्हे, तर ट्रॅक्टर आणि मोटरपंपासाठी उभे राहिले. १९६० साली सुरू झालेल्या टॅफे कंपनीचे मॅसी फर्ग्युसन आणि १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचे बी-२७५ यांसारख्या जुन्या ट्रॅक्टरांचा उगम इंग्रजी मापांच्या परंपरेत असल्याने त्यांच्यावरील नट-बोल्ट मोठ्या प्रमाणावर इंची मापाचे होते. विलीज जीपच्या वंशातील महिंद्राच्या जुन्या जिपांचेही तेच. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० सुझुकीच्या घडणीची असल्याने तिच्यासोबत १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरच्या बोल्टांची जपानी सवय आली, आणि आज देशात बनणाऱ्या गाड्या मिलिमीटरच्याच आहेत. आजोबांच्या पेटीतील इंची पाना नातवाच्या गाडीवर चालतो का, हा प्रश्न म्हणून काल्पनिक नाही.

त्याचे उत्तर आकड्यांत पाहण्यासारखे आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेव्हा पाऊण इंची पाना १९ च्या बोल्टवर जवळजवळ अचूक बसतो. पाच सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि हा पाना ८ च्या बोल्टवर बसतच नाही किंवा ठोकून बसवावा लागतो. नऊ सोळांश म्हणजे १४.२९, तो १४ वर बसतो पण किंचित ढिला. अकरा सोळांश म्हणजे १७.४६ आणि अर्धा इंच म्हणजे १२.७, हे पाने अनुक्रमे १७ आणि १२ वर सहज चढतात आणि येथेच फसगत होते. बोल्टचे डोके षटकोनी असते, आणि पाना अर्ध्या मिलिमीटरने ढिला असला की त्याचा जोर षटकोनाच्या सपाट बाजूवर न पडता सहा कोपऱ्यांवर पडतो. गंजलेला बोल्ट हलण्याऐवजी त्याचे कोपरे झिजतात, डोके गोल होते आणि मग कोणताच पाना त्यावर धरत नाही. दोन मिनिटांच्या कामाचे छन्नी, वेल्डिंग किंवा ड्रिलच्या दिवसभराच्या कामात रूपांतर होते. म्हणून जुनी इंची पेटी फेकू नये, ट्रॅक्टरसाठी ती लागेल, पण तिच्यावर लाल रंगाचा पट्टा मारून ती वेगळी ठेवावी.

मिलिमीटरच्या पान्यांत घरासाठी थोडकेच पुरे. दोन्ही टोके उघडी असलेल्या फिक्स पान्यांचा ६–७ पासून २०–२२ पर्यंतचा आठ नगांचा संच बाजारात सर्वत्र मिळतो, पण गंजलेल्या बोल्टसाठी उघड्या तोंडाचा पाना शेवटचा पर्याय असतो, कारण तो बोल्टच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना डोक्याला पूर्ण वेढतो, म्हणून तो आधी घ्यावा; किंवा एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडे तोंड असलेले कॉम्बिनेशन पाने ८ पासून १९ पर्यंत घेतले तर दोन्ही गरजा भागतात. गोटी पाना, ज्याला सॉकेट म्हणतात, तो खोलगट जागेत आणि वेगाने काम करण्यासाठी हवा. गोटीच्या मागच्या चौकोनी भोकाचे माप जगभर इंचातच चालते. पाव इंच नाजूक कामाला, तीन अष्टमांश मधल्या कामाला आणि अर्धा इंच चाकांसारख्या जड कामाला. गोटी सहा कोनांची घ्यावी, बारा कोनांची नव्हे, कारण सहा कोनांची गोटी बोल्टच्या सपाट बाजूंवर अधिक पसरून बसते. यांच्या जोडीला क्रॉस आणि सपाट स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, नोज प्लायर, अ‍ॅलन की, स्टार आकाराचे बिट, रबरी हातोडा, तारेचा ब्रश आणि गंज सैल करणारे तेल एवढ्यात घरगुती देखभालीची बहुतेक कामे होतात.

हत्याराची प्रत त्याच्या पोलादावर आणि उष्णतेच्या संस्कारावर ठरते. चांगला पाना क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा, तापवून साच्यात ठोकून घडवलेला आणि नंतर कठीण केलेला असतो. स्वस्तातील पाना नुसताच चमकदार मुलाम्याचा असून जोर पडताच त्याचे तोंड फाकते. यासाठी परदेशी वस्तू शोधण्याचे कारण नाही. स्वीडिश तांत्रिक सहकार्याने १९६९ पासून हातहत्यारे बनवणारी टपारिया ही कंपनी नाशिकची आहे, आणि जालंधर, लुधियाना व राजस्थानातील नागौर येथे हातहत्यारांचे जुने उद्योग आहेत. महागड्या पेटीत शंभर नग असण्यापेक्षा रोज लागणारे वीस नग चांगले असणे अधिक फायद्याचे आहे, आणि ते एकदम न घेता कामागणिक एकेक घेतले तरी चालते.

पान्यांमध्ये एका हत्याराला मात्र सर्वांत वरचे स्थान द्यावे लागेल आणि ते म्हणजे टॉर्क रेंच, अर्थात ठरावीक जोर लागला की टक् असा आवाज देणारा पाना. बोल्ट आवळण्याचा हा पिळाचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगल्यास साधारण शंभर न्यूटन-मीटर पीळ पडतो, आणि बहुतेक लहान गाड्यांच्या चाकांच्या नटांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढाच पीळ अपेक्षित असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. चाक बदलल्यावर अर्ध्या मीटरच्या पाइपवर साठ किलो वजनाचा माणूस उभा राहून नट आवळतो, तेव्हा सुमारे तीनशे न्यूटन-मीटर, म्हणजे अपेक्षेच्या तिप्पट पीळ पडतो. चाकाचा स्टड हा स्प्रिंगसारखा किंचित ताणला जाऊन आपल्या ओढीने चाकाला धरून ठेवतो, आणि तिप्पट पिळाने तो त्याच्या लवचिक मर्यादेपलीकडे ताणला गेला की ती ओढ कायमची कमी होते, आटे बिघडतात आणि रस्त्यात पंक्चर झाल्यास गाडीतील लहान पान्याने तो नट सुटतच नाही. उलट नट ढिला राहिला तर काय होईल हे सांगायला नको. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणाऱ्या सिल्लेवानी घाटातील वळणांचा विचार केला, म्हणजे चाकाच्या चार नटांचे महत्त्व कोणालाही पटावे. साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटर मापाचा, अर्धा इंची चौकोनाचा टॉर्क रेंच चाकांसाठी पुरेसा आहे; नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, रेंचने बोल्ट कधी सोडू नयेत आणि काम झाल्यावर त्याचे माप सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावे, नाहीतर आतील स्प्रिंग थकते आणि आवाज चुकीच्या वेळी येऊ लागतो.

घाटाच्याच संदर्भात ब्रेक ऑइलचा उल्लेख आवश्यक ठरतो. डॉट-तीन आणि डॉट-चार या नावांनी मिळणारे हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेतात. नव्या डॉट-चार ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना सतत ब्रेक लावल्याने तापलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल दाबले तरी जोर बुडबुड्यांतच जिरतो. त्यामुळे हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे, असे सांगितले जाते. डबीतील पातळी पाहणे आणि ऑइलचा रंग पाहणे हे घरचे काम आहे. ब्रेकच्या नळ्या उघडून हवा काढण्याचे काम मात्र ज्याला ते शिकवले गेले आहे त्याचेच असावे.

घरचे काम आणि मिस्त्रीचे काम यांच्यामधील ही रेषा आणखी काही ठिकाणी ठळकपणे ओढायला हवी. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणाच्या तारा, सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगा, एसीतील दाबाखालचा वायू, सीएनजीची टाकी व नळ्या, टायमिंग बेल्ट आणि विजेवरच्या गाड्यांतील शेकडो व्होल्टच्या नारिंगी तारा यांना घरी हात लावू नये. मेकॅनिक मोटर व्हेइकल हा आयटीआयमधील अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि त्यातील कौशल्याची जागा चित्रफिती पाहून भरून निघत नाही. एअर फिल्टर साफ करणे व बदलणे, इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर बदलणे, वायपर, बल्ब, फ्यूज, बॅटरी, चाकांची अदलाबदल आणि कूलंटची पातळी एवढी कामे घरी समाधानकारक होतात. एअर फिल्टरकडे येथे विशेष लक्ष हवे, कारण संत्र्याच्या बागेपर्यंत जाणाऱ्या पांदण रस्त्यांवरची बारीक धूळ शहरातील गाडीच्या तुलनेत तो फार लवकर भरते, आणि पुस्तिकेतील किलोमीटरचा आकडा अशा गाडीला लागू पडत नाही. वॉरंटीच्या काळात घरी केलेल्या कामाचे ऑइल-फिल्टरचे बिल जपून ठेवावे आणि कोणते काम केल्याने वॉरंटी बाधित होते ते आधी विचारून घ्यावे.

जागेच्या व्यवस्थेत आणखी चार गोष्टी आवश्यक आहेत. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास किंवा रंग नसतो आणि तो माणसाला नकळत बेशुद्ध करतो. विजेच्या जोडणीला चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच प्रवाह तोडणारे बटण, असावे. गाडीखाली नेण्याचा दिवा २३० व्होल्टचा नसून चार्जिंगचा एलईडी असावा. कोरड्या रसायनाच्या पावडरीचे एबीसी प्रकारचे अग्निशामक नळकांडे दाराजवळ असावे, आतल्या कोपऱ्यात नव्हे. धान्याची पोती आणि सरकी ज्या घरात साठवली जाते तेथे उंदरांचा वावर असतो आणि गाडीच्या तारांचे आवरण त्यांना कुरतडायला आवडते, तेव्हा गाडीची जागा धान्याच्या खोलीपासून दूर ठेवणे हाही एक बचावच आहे.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत पोलाद हवेतील ओलाव्याने गंजते, म्हणून हत्यारांना मशीन ऑइलचा पातळ हात द्यावा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पाऊस संपत येताना येणारी खंडेनवमी या दृष्टीने सोयीची आहे, कारण त्या दिवशी घरातील हत्यारे पूजेसाठी बाहेर काढलीच जातात. तेव्हाच प्रत्येक पान्याचे तोंड फाकले आहे का, जॅकमधून तेल झिरपते का आणि स्टँडच्या दात्यांना गंज लागला आहे का, हे पाहून घ्यावे.

शेवटी वापरलेल्या ऑइलचा प्रश्न. एका लहान पेट्रोल गाडीतून एका वेळी साधारण तीन लिटर काळे ऑइल निघते आणि ते कोठे जाते याकडे फारसे कोणी पाहत नाही. कुंपणाच्या लाकडांना ते लावणे, रस्त्यावर धूळ बसावी म्हणून शिंपडणे किंवा नालीत ओतणे या सवयी सर्रास दिसतात. वापरलेल्या ऑइलमध्ये जड धातू आणि ज्वलनातून आलेली घातक संयुगे असतात, आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांत त्याची नोंद घातक कचरा म्हणूनच आहे. जाम नदीच्या काठावर वसलेल्या पांढुर्ण्यात आणि विहिरींवर बागा जगवणाऱ्या गावांत नालीत ओतलेले ऑइल पहिल्या पावसातच नदीच्या वाटेला लागते. पसरट ट्रेमध्ये ऑइल गोळा करून ते जुन्या ऑइलच्याच डब्यात गाळून भरावे, डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे माल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला नागपूर किंवा छिंदवाड्याच्या पुढच्या फेरीत नेऊन द्यावे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना ती दुकानदाराकडे देऊन किमतीत सूटही मिळते. म्हणून ती भंगारवाल्याला विकू नये, कारण तेथे तिच्यातील आम्ल बहुधा जमिनीवरच ओतले जाते.